पूजेला रितं पोतं नको

खंडेनवमी, तीन वर्षांपूर्वीची. सकाळची पाळी. जागा, मोल्डिंगचं शेड. हजर: मॅनेजर साहेब सपत्नीक, मोल्डिंगचे सगळे ऑपरेटर आणि हेल्पर, दळणखोलीतले दोघे, पॅकिंगच्या बायका, पूजेचे गुरुजी, आणि कामगारांच्या घरची माणसं, त्यात काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या आणि कडेवरची लेकरंही. पाच नंबर मशीनचे ऑपरेटर मुंजाजीमामा आणि त्यांच्या पत्नी अनुसयाबाई. आणि मी, सुरक्षा अधिकारी. गैरहजर: कोणी नाही. वर्षातल्या या एका दिवशी आमच्याकडे कोणी रजा मागत नाही.

हजेरीनं सुरुवात करायची मला नोकरीनं सवय लावली आहे. कारखान्यात काही घडलं की पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसतो, ‘आत कोण कोण होतं’ हा असतो. म्हणून मी याद्या करते. कामगार माझ्या मागे मला ‘यादीवाल्या बाई’ म्हणतात आणि समोर मॅडम.

परभणी शहराबाहेर आमचा प्लास्टिकचा कारखाना आहे. ठिबक आणि तुषार सिंचनाचे पाइप, जोड, कोपरे, तोट्या आणि तुषाराच्या नोझलमधली बोटाच्या पेराएवढी चाकं आम्ही बनवतो. गंगाखेडच्या माझ्या नणंदबाई दरवर्षी विचारतात, “वन्सं म्हणून विचारते, पाइप बनवायच्या कारखान्यात कसली आलीय सुरक्षा? तिथं काय बॉम्ब बनवायलेत का?” त्यांना मी जे सांगते तेच इथे सांगते.

मोल्डिंगचं मशीन म्हणजे मोठा सोऱ्या. चकलीच्या सोऱ्यात पीठ घालतो तसे वरच्या नरसाळ्यातून प्लास्टिकचे दाणे घालायचे. फरक इतकाच, की हा सोऱ्या बाहेरून हीटरनं तापवलेला असतो. त्याला बॅरल म्हणतात. आत एक स्क्रू फिरतो, तो वितळलेला माल पुढे ढकलतो, माल नोझलमधून साच्यात जातो आणि कोपरा किंवा तोटी तयार होते. एवढंच काम.

आता धोका. जोड आणि कोपरे पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी थंड असेपर्यंत गरीब. तापलेल्या बॅरलमध्ये जास्त वेळ पडून राहिलं की ते जळायला लागतं आणि त्यातून आम्लाचा वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. तुषाराच्या नोझलमधली चाकं दुसऱ्या प्लास्टिकची असतात. त्याला आम्ही ॲसिटल म्हणतो. तेही पांढरंच, फक्त हाताला साबणासारखं गुळगुळीत. जास्त तापलं तर त्यातून जो वायू निघतो, त्याच्याच पाण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक बुडवून ठेवलेले असतात. ही दोन्ही प्लास्टिकं वेगवेगळी असतील तर सांभाळता येतात. पण एकाच गरम बॅरलमध्ये एकत्र आली, तर पीव्हीसीचं आम्ल ॲसिटलला फोडतं, आणि मग जो वायू निघतो तो हळूहळू निघत नाही. बॅरलमध्ये कोंडून दाब वाढतो आणि मिळेल त्या तोंडातून माल फेकत बाहेर येतो. आमच्या धंद्यात शिकवली जाणारी पहिली गोष्ट हीच: हे दोन कधी एकत्र करायचे नाहीत.

माझं बाकीचं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टींची तयारी. वायू सुटला तर भोंगा कोणी वाजवायचा, वीज कोणी बंद करायची, कोणत्या दारानं पळायचं, बाहेर कुठे जमायचं. वारा कुठून वाहतो ते दिसावं म्हणून मी शेडवर कापडी पिशवी बसवून घेतली. ती फडफडायला लागली की शेजारच्या शेताचे मालक दिगंबरराव बांधावरून ओरडायचे, “बाई, तुमचं धोतर वाळलं असंल तर काढून घ्या की!”

हे दिगंबरराव माझे सगळ्यात चिकट गिऱ्हाईक. एकदा दुपारी वीज गेली आणि एका मशीनमध्ये पीव्हीसी जळलं. थोडा वास बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी दिगंबरराव फाटकावर हजर.

“तुमच्या वासानं माझं सोयाबीन पिवळं पडायलंय.”

मी त्यांच्याबरोबर शेतात गेले. पिवळेपणा सगळा त्यांच्या पलीकडच्या बांधाला होता, आमच्या कुंपणाजवळचं पीक हिरवंगार.

“दिगंबरराव, वास काय तुमच्या शेतावरून उडी मारून गेला का?”

दिगंबररावांनी एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाले, “ते मला बी कळायलंय. पर तुमी कुनी बगायला येता का नाही, ते बगायचं व्हतं.”

त्या दिवसापासून मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे चहाला जायचे. तयारीच्या सरावात त्यांचं शेत मी घेतलं. वारा उलटा असेल तर माणसं मुख्य फाटकाकडे न नेता कुंपणातल्या छोट्या दारानं त्यांच्या शेतात न्यायची. त्यांनी तोंडी कबूल केलं, वर अट घातली: “सोयाबीनात पाय देऊ नका म्हनावं, बांधानं चला.”

जळलेल्या पीव्हीसीची गोष्ट निघाली की मुंजाजीमामा येणारच. पिंगळीहून रेल्वेनं यायचे. आमच्याकडे त्यांच्याइतका जुना ऑपरेटर नव्हता. वीज गेली की बाकीचे पोरगे बाहेर जाऊन बिडी शोधायचे, मामा मशीनपाशी उभे राहायचे. वीज येताच बॅरलमधला सगळा माल बाहेर ढकलून टाकायचे. “माल थांबला की जळला. ढकलत ऱ्हा,” हे ते प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचे. बरोबरच होतं ते. पीव्हीसीसाठी.

माझ्या सरावांना ते हसायचे, पण कधी चुकवायचे नाहीत. भोंगा वाजला की सगळ्यांत आधी बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभे राहायचे आणि मागून येणाऱ्यांना म्हणायचे, “या, पाव्हणे, या. मॅडमनी बोलावलंय. जेवायला न्हाई, हजेरीला.”

आता खंडेनवमी. शस्त्रांची, अवजारांची पूजा. शेतकरी नांगर-पाभरीला हळदकुंकू वाहतो, तसं आम्ही मशीनना वाहतो. आदल्या दिवशी कारखाना बंद ठेवून झाडलोट. वर्षभराची जळमटं, तेल, धूळ सगळं निघतं. पूजेला घरची माणसं येतात, कारण वर्षात एकदाच त्यांना बघायला मिळतं की आपला माणूस काय करतो. बायका नवऱ्याच्या मशीनला ओवाळतात. शेवटी एका मशीनवर मुहूर्ताचा माल काढतात. तो मान पाच नंबरला, म्हणजे मामांना.

आदल्या दिवशी दळणखोलीची सफाई झाली. साच्यातून निघालेला खराब माल, तुटके जोड, वाया गेलेली चाकं तिथे दळून पुन्हा वापरायला ठेवतात. पीव्हीसीच्या पोत्याला हिरवी सुतळी, ॲसिटलच्या पोत्याला लाल. हा नियम माझा. त्या दिवशी काही पोती अर्धी होती. अर्धी पोती पूजेला मांडायची नाहीत, अशी आमच्या भागातल्या लोकांची समजूत. दसऱ्याला कणगी, घागर, पोतं, काहीही रितं ठेवत नाहीत. तेव्हा अर्ध्यात अर्धं ओतून पोती भरली गेली. दोन्ही दाणे पांढरे. जुन्या कळकट सुतळ्या काढून सगळ्यांना एकसारखी नवी, स्वच्छ सुतळी बांधली गेली, वर झेंडूची माळ. संध्याकाळी फेरी मारताना मला ती भरलेली पोती रांगेत दिसली. फार सुंदर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पूजेसाठी सगळ्यांनी चपला शेडच्या दाराशी काढल्या. समई लावली, पण छतावरच्या, आतली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांच्या ओढीनं ज्योत टिकेना. गुरुजी म्हणाले, “तेवढे पंखे बंद करता का?” कोणीतरी बंद केले. बाजूचे पडदेही सोडले. हे सगळं माझ्यासमोर झालं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मशीन बंद होती, बॅरल थंड होती. मुहूर्ताच्या मशीनचे हीटर मात्र सकाळीच चालू केले होते, ते तापायला वेळ लागतो म्हणून.

आरती झाली. मामांनी नवं पांढरं धोतर नेसलं होतं, डोक्याला टोपी. अनुसयाबाईंनी मशीनला ओवाळलं, मग मामांना. कोणीतरी पॅकिंगमधून ओरडलं, “मामी, मशीनला जास्त येळ ओवाळलं की!” त्या म्हणाल्या, “त्येच तर कमवायलंय. ह्ये नुसते बटन दाबतेत.” सगळं शेड हसलं. मामाही हसले आणि त्यांनी पूजेतल्या पोत्यातले दाणे ओंजळीनं नरसाळ्यात घातले, मग पोतं उचलून ओतलं.

पहिला कोपरा निघाला. टाळ्या. दुसरा निघाला तो पिवळसर. तिसरा निघालाच नाही. नोझलपाशी फटफट आवाज झाला, लाह्या फुटतात तसा. मग वास आला. जळक्या पीव्हीसीचा वास मी ओळखते. हा तो नव्हता. डोळे मिटावे लागले इतका तिखट.

मामा ओरडले, “बाया-लेकरं भाईर काडा! समोर कुनी थांबू नका!”

भोंगा वाजला. सरावात आम्ही कितीदा तरी बाहेर पडलो होतो, पण सरावात सगळ्यांच्या पायात बूट असायचे. इथे सगळे अनवाणी, आणि दाराशी चपलांचा ढीग. माणसं दारात येऊन वाकायला लागली. चप्पल शोधायला. पुढचा वाकला की मागचे अडकले. मी ओरडत होते, “चपला सोडा! चपला सोडा!” एक म्हातारी मला म्हणाली, “बाई, नवी हाय गं.” मी तिला दंडाला धरून ओढलं. मग पायानं चपलांचा ढीग बाजूला ढकलला आणि दार मोकळं झालं.

बाहेर येऊन वर बघितलं. पिशवी मुख्य फाटकाकडे ताठ झालेली. म्हणजे वारा फाटकाकडे वाहत होता आणि माणसं सवयीनं तिकडेच पळत होती. मी त्यांना छोट्या दाराकडे वळवलं. दिगंबरराव बांधावरच होते. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं ओरडत होते, “इकडं या, इकडं! सोयाबीन तुडवा, काय बी तुडवा, इकडं या!”

आत दोघांना श्वसनयंत्र चढवून पाठवायची तयारी चालली होती, तेवढ्यात मामा स्वतःच बाहेर आले. चालत. टोपी हातात. त्यांनी मशीनचा पुढचा भाग साच्यापासून मागे घेतला होता, हीटर बंद केले होते आणि शेडमध्ये शेवटचं माणूस असेपर्यंत बॅरलमधला माल बाहेर ढकलत राहिले होते. तो सगळा वायू नोझलमधून त्यांच्या तोंडावर येत होता.

नळाखाली डोळे धुताना म्हणाले, “मॅडम, नुस्तं कांदा कापल्यावानी झालंय. चहा सांगा.”

चहा प्यायले. लेकरांची विचारपूस केली. अनुसयाबाई म्हणाल्या, “चला घरला. उद्या दसरा हाय.”

“मामा, दवाखान्यात जायचं,” मी म्हणाले.

“कामून? मला काय झालंय?”

या वायूंची चाल वाईट असते. आधी ठसका, मग काही तास माणूस ठणठणीत वाटतो, आणि मग छातीत पाणी भरायला लागतं. मी हे दोघांना सांगितलं आणि जीपमध्ये बसवलं. मामा जीपमध्ये कुरकुर करत होते, “उद्या लेकराला सोनं द्यायला न्ह्यायचंय मला. एक रात बी ऱ्हानार न्हाई सांगतो.”

डॉक्टरांनी ठेवून घेतलं. दसऱ्याच्या दुपारी ऑपरेटर मंडळी आपट्याची पानं घेऊन दवाखान्यात आली. मामांच्या तोंडाला ऑक्सिजन होता, श्वास ओढून घ्यावा लागत होता. पानं उशाशी ठेवली गेली. मामांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि मास्क बाजूला करून विचारलं, “बॅरल साफ केली का? आत माल ठिऊ नका.” मी म्हणाले, केली. संध्याकाळी त्यांना नांदेडला हलवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

बाकी कोणाला डोळ्यांची आग आणि खोकला यापलीकडे काही झालं नाही. कडेवरच्या एकाही लेकराला नाही.

चौकशी झाली. बाहेरून तज्ज्ञ आले. मामांनी माल ढकलत राहायला नको होतं, हीटर बंद करून सगळ्यांबरोबर बाहेर पडायचं होतं, असं एकाचं मत. दुसरे म्हणाले, दाब मोकळा केला नसता तर बॅरलमधला गरम माल दारात अडकलेल्या माणसांवर उडाला असता. दोघांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. मी दोन्ही मतं लिहून ठेवली आहेत आणि मलाही निवड करता आलेली नाही.

दुसरा प्रश्न होता, पोती कोणी एकत्र केली. दळणखोलीतले दोघे मान खाली घालून उभे होते. मॅनेजर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यातला एक रडायला लागला.

“साहेब, मामा म्हनले व्हते. आदल्या दिशी सकाळी जाताना दारातून म्हनले, पूजेला रितं पोतं नको रे, भरून ठिवा. आमी भरून ठिवली.”

मामांना कुठं माहीत होतं की ते दोघे कुठलं कशात ओततील. ते दारातून बोलले आणि पुढे तोरण बांधायला गेले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ बदललं. ॲसिटलमध्ये आता काळा रंग घालतो, म्हणजे पांढऱ्यात मिसळलं तर लांबून दिसतं. ते कारखान्यात दळत नाही, वेगळं काढून बाहेर पाठवतो. पूजा शेडमध्ये होत नाही, अंगणात मंडप घालून होते, आणि पायातलं कोणी काढत नाही. गुरुजींनी पहिल्या वर्षी थोडी कुरकुर केली, मग स्वतःच समईला काचेची चिमणी आणली. मुहूर्ताचा माल काढत नाही.

शिकवण्याची पद्धतही बदलली. आधी मी नियम सांगायचे. आता गोष्ट सांगते. पोती, सुतळी, पंखे, चपला, मामांचं ते वाक्य आणि मामांचं मशीनपाशी उभं राहणं, सगळं जसं झालं तसं. कोणाला दोष देण्यासाठी नाही. भली माणसं भल्या हेतूनं एकेक गोष्ट करतात आणि सगळ्या मिळून काय होतं, ते कळावं म्हणून. मोल्डिंगच्या, दळणखोलीच्या, पॅकिंगच्या, गोदामाच्या माणसांचे वर्ग झाले. सुरक्षारक्षकांचाही झाला.  सुतळी सोडायला आता कोणी धजत नाही.

अनुसयाबाईंना कारखान्यानं नोकरी दिली. आधी पॅकिंगमध्ये होत्या, मग त्यांनी स्वतः छाटणी मागून घेतली. छाटणी म्हणजे खराब माल निवडून वेगळा करायचा. नवीन ॲसिटल काळं असलं तरी शेतकऱ्यांकडून परत आलेल्या जुन्या मालात पांढरी चाकं अजून सापडतात. ती पीव्हीसीतून वेचून काढणं हे छाटणीचं काम. म्हणजे तीन वर्षांपूर्वी जे झालं ते पुन्हा होऊ नये, याची पहिली चाळणी त्यांच्या हातात आहे. त्यांचा हात चांगला आहे. बोटानं चोळून सांगतात, हे गुळगुळीत, हे न्हाई.

छाटणीचा वर्ग अजून झालेला नाही. मी तो तीनदा ठरवला. एकदा तपासणी आली, एकदा वीज नव्हती, एकदा एका बाईच्या घरी लग्न निघालं. कारणं खरी होती. पण बाकीचे वर्ग मी विजेशिवाय घेतले आहेत.

गेल्या आठवड्यात अनुसयाबाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात डबा, जेवणाची सुट्टी.

“मॅडम, आमचा नंबर कवा? बाकी समद्यायचं झालं.”

“घेऊ या. दिवाळीच्या आधी.”

“मागच्या दिवाळीला बी असंच म्हनला व्हता.” त्या हसल्या नाहीत. “मला ठाव हाय, तुमी त्यात ह्यांची गोष्ट सांगता. मी भाईर बसू का तेवढ्या येळ? बाकीच्या बायायला तरी शिकवा.”

“बाहेर कशाला बसता?”

“मंग माझ्यासमोर सांगा की. मला कुनीच काय सांगना. जो येतोय तो म्हनतोय, देवमानूस व्हता. व्हता मंग. देवमानूस कशानं गेला, त्ये कुनी सांगना. पिंगळीत म्हनतेत मशीन फुटली. सासूबाई म्हनत्यात नजर लागली. मी त्या दिशी म्हनले व्हते नुसते बटन दाबतेत, म्हनून मशीनला राग आला का, असं बी येतंय मनात.”

मी म्हणाले, “अनुसयाबाई, तसलं काही नाही.”

“मंग कसलं हाय?”

माझ्यासमोर त्या उभ्या होत्या आणि मला ते वाक्य म्हणायचं होतं. पोती भरून ठेवा असं मामा म्हणाले होते. त्याच्या आधी काय आणि नंतर काय, ते सगळं मला पाठ आहे. मी शंभर माणसांपुढे ते सांगितलं आहे. सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्या डबा घेऊन छाटणीकडे गेल्या.

सध्या मी रोज सकाळी छाटणीच्या खोलीत जाते. त्यांनी भरलेलं प्रत्येक पोतं उघडते, आतला माल बोटांनी चोळते आणि पुन्हा सुतळी बांधते.  हे माझं काम नाही, हे त्यांना आणि मला दोघींना माहीत आहे. छाटणीचा वर्ग घ्यायचा राहिला आहे.